स्विचने शेजाऱ्याला किती सांगावे?

१९९८ मध्ये सायबर टॉवर्सचे उद्घाटन झाले आणि हैदराबादच्या हायटेक सिटीला आकार येऊ लागला. नोव्हेंबर २०२२ मध्ये अ‍ॅमेझॉन वेब सर्व्हिसेसने मुंबईनंतरचे भारतातील आपले दुसरे डेटा सेंटर क्षेत्रही याच शहरात सुरू केले. अशा शहरातील प्रत्येक कार्यालयामागे नेटवर्क स्विचचे जाळे असते. केबल बदलली जाते. कागदावरील आराखडा मात्र तसाच राहतो. बिघाड झाला की कोणती केबल कोठे जाते, हे शोधण्यातच वेळ जातो.

ही उणीव ‘लिंक लेयर डिस्कव्हरी प्रोटोकॉल’ अर्थात एलएलडीपी भरून काढतो. आयईईई या संस्थेने २००५ मध्ये ‘८०२.१एबी’ या नावाने त्याचे मानक संमत केले. सिस्कोचा सीडीपी हा मुळात त्याच कंपनीचा. एलएलडीपी मात्र वेगवेगळ्या कंपन्यांच्या उपकरणांत परस्पर ओळख करून देतो. स्विच सामान्यतः दर ३० सेकंदांनी आपली ओळख, पोर्टची ओळख आणि त्या माहितीची मुदत पाठवतो. उपकरणाचे नाव, वर्णन व व्यवस्थापनाचा आयपी पत्ताही सोबत असू शकतो. हा संदेश केवळ लगतच्या उपकरणापर्यंत पोहोचतो. सुमारे १२० सेकंदांत नवा संदेश न आल्यास जुनी नोंद पुसली जाते.

सिस्कोच्या अनेक स्विचवर ही सोय मुळात बंद असते. ‘एलएलडीपी रन’ या आज्ञेने ती सुरू होते, तर ‘शो एलएलडीपी नेबर्स’ने शेजाऱ्यांची यादी दिसते.

खरा प्रश्न पुढे आहे. या संदेशांत पाठवणाऱ्याची खातरजमा नसते आणि मजकूर उघडा असतो. प्रतीक्षागृहातील मोकळ्या पोर्टला लॅपटॉप जोडणाऱ्यालाही तो वाचता येतो. फेब्रुवारी २०२० मध्ये आर्मिस या सुरक्षा कंपनीने सिस्कोच्या उपकरणांतील सीडीपीशी संबंधित पाच त्रुटी उघड केल्या. शेजाऱ्याचा संदेश स्वीकारण्यातही धोका असतो, हा त्याचा धडा.

म्हणून स्विच-स्विचमधील दुव्यांवर एलएलडीपी सुरू ठेवावा. इंटरनेट सेवादात्याकडे जाणाऱ्या व सार्वजनिक पोर्टवर ‘नो एलएलडीपी ट्रान्समिट’ आणि ‘नो एलएलडीपी रिसीव्ह’ या आज्ञा द्याव्यात. मात्र सरसकट बंदी नको. अनेक आयपी फोन आवाजासाठीचा व्हीलॅन क्रमांक याच संदेशातून घेतात. तो मिळाला नाही, तर फोन चालेनासे होऊ शकतात.

हैदराबादचे डेटा सेंटर असो वा पणजीतील छोटे कार्यालय, प्रत्येक पोर्टपलीकडे कोण आहे हे पाहूनच हा निर्णय घ्यावा.