फुटक्या पडद्यामागचा उजेड

मोबाइलचा पडदा फुटला की दुरुस्तीच्या दुकानात सहसा काच, एलसीडी आणि त्यामागचा बॅकलाइट असा अख्खा फोल्डर बदलतात. जुना भंगारात जातो, पण त्यातला बॅकलाइट बहुधा शाबूत असतो. महाड-पोलादपूरच्या पट्ट्यात तरी तो असा वाया जाऊ नये. जुलै 2021 मध्ये सावित्री आणि गांधारीच्या पुरात महाडची बाजारपेठ बुडाली, 22 जुलैला तळिये गावात दरड कोसळली, पोलादपूर तालुक्यातही दरडी आल्या. वीज गेली, रस्ते तुटले. अशा वेळी थोड्या विजेवर रात्रभर तगणाऱ्या दिव्याचं मोल वेगळं सांगायला नको.

मात्र बॅकलाइटपासून बनवलेला असा दिवा फार मिणमिणता असणार, ही शंका साहजिक आहे. तिचं उत्तर पडद्याच्या रचनेतच आहे. कडेला बसवलेल्या बारीक एलईडींचा प्रकाश एका पातळ पारदर्शक पाटीत शिरतो आणि आतल्या आत परावर्तित होत पुढे सरकतो. पाटीच्या पाठीवरचे सूक्ष्म ठिपके त्याला बाहेर वळवतात. एलईडीजवळ ते विरळ आणि दूर दाट असल्यामुळे सगळीकडे सारखा उजेड पडतो. पुढे एलसीडीतला ध्रुवक त्यातला निम्मा गिळतो, रंगगाळण्या उरलेल्याचा दोन-तृतीयांश भाग अडवतात. आपल्या डोळ्यांपर्यंत जेमतेम दहावा हिस्सा पोहोचतो. फुटका एलसीडी काढून टाकला की अडलेला हा सगळा प्रकाश मोकळा होतो.

तरीही हा खोली उजळणारा दिवा नाही, आणि साधी एलईडी पट्टी स्वस्तात मिळते, हेही खरं. पण पट्टीचे ठिपके डोळ्यांना टोचतात. इथे सपाट, एकसारखा उजेड मिळतो. शाळेतल्या आरशाच्या सूक्ष्मदर्शकाला नेमका तोच हवा असतो, कारण कोकणातल्या पावसाळी आभाळात आरशाला पुरेसा उजेड मिळत नाही. विजेचा हिशेबही सोपा आहे. सहा एलईडी एकसरीत असतील तर 18 व्होल्ट आणि 20 मिलिअँपिअर, म्हणजे 0.36 वॅट. 3.7 व्होल्ट, 2000 मिलिअँपिअर-तासांच्या चांगल्या सेलवर, व्होल्टेज वाढवणाऱ्या सर्किटमधली घट धरूनही, तो पंधराएक तास चालेल. सर्किट विद्युतप्रवाह मर्यादित ठेवणारंच हवं, नाहीतर एलईडी जळतात. पुरात भिजलेल्या किंवा फुगलेल्या फोनची बॅटरी मात्र कधीच वापरू नये. ती पेट घेऊ शकते.

ओएलईडी पडद्यांना बॅकलाइट नसतो, त्यामुळे हा माल पुढे कमी होत जाईल, हा आक्षेप मला मान्य आहे. पण स्वस्त फोन अजून एलसीडीचे असतात आणि जुन्या लॅपटॉपमध्येही हीच पाटी असते. ती नकाशा गिरवायला पुरेल एवढी मोठी असते.