संत्र्याच्या सालीचा हिशेब

यवतमाळ हा कापसाचा जिल्हा. सरकीला भाव मिळाला तरच जिनिंगचा हिशेब बसतो, हे आपल्या व्यापारी कुटुंबांना सांगावयास नको. संत्र्याची सरकी म्हणजे त्याची साल. आपल्या जिल्ह्याच्या काही भागांत आणि शेजारच्या वरुड-मोर्शी पट्ट्यात संत्र्याच्या बागा आहेत. नागपुरी संत्र्यास २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. साल मात्र अद्याप टाकाऊच समजली जाते.

साल दाबली असता सुगंधी तेल निघते. त्यात सुमारे ९० टक्के भाग लिमोनीनचा असतो. लिनॅलूल, डेकॅनल यांसारखे गंधाला खुलवणारे घटक अल्प असतात. हवा व प्रकाश लागून लिमोनीन बिघडते आणि तेलाचा वास पालटतो. म्हणून लिमोनीन कमी केलेल्या तेलास अधिक मोल येते. प्रचलित ऊर्ध्वपातनात दहा किलो तेलातील जवळजवळ नऊ किलो लिमोनीन तापवून बाजूला काढावे लागते.

येथे आयनिक द्रवांचा नवा मार्ग दिसतो. खाण्याचे मीठ ८०१ अंश सेल्सिअसला वितळते. आयनिक द्रव हेही क्षारच. परंतु ते १०० अंशांच्या आत, काही तर साध्या तापमानालाच द्रवरूप असतात. तेलाबरोबर घुसळल्यास ते लिनॅलूलसारखे घटक ओढून घेतात आणि लिमोनीनचा थर वर वेगळा राहतो. स्पेनमधील सांतियागो दे कॉम्पोस्तेला विद्यापीठात लिमोनीन व लिनॅलूल यांच्या मिश्रणावर असे प्रयोग झाले आहेत.

पेंडीतून तेल काढणाऱ्या सॉल्व्हंट प्लांटमध्ये हेक्झेन उडून जाते व तेल मागे राहते. येथे नेमके उलट घडते: निर्वात अवस्थेत तापवल्यावर सुगंध वाफेने निघतो आणि जवळजवळ न उडणारा द्रावक भांड्यात उरतो. थोडक्यात, व्याज हाती येते आणि मुद्दल शिल्लक राहते.

मात्र हे मुद्दल महाग आहे. शिवाय हे द्रव दाट असतात, काही विषारीही असतात. ‘हरित’ हे विशेषण वाचून भुलू नये. कर्जप्रस्ताव तपासताना मी तीन प्रश्न विचारले असते: द्रावक किती वेळा फिरतो? दर फेरीला किती घटतो? खाद्यपदार्थात त्याचा अंश उरत नाही, याचा दाखला कोण देणार?

ही उत्तरे मिळेपर्यंत साल दाबून कच्चे तेल काढण्याचा विचार करता येईल. लिमोनीनलाही ग्रीस धुणाऱ्या द्रावणांसाठी मागणी असते. नागपूरची केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्था जवळच आहे. यंत्राची चौकशी करण्यापूर्वी तरुणांनी तेथे जाऊन यावे.