शंभरचा प्लॅन, पण नेट वीस-पंचवीसवरच का? वेग नेमका कुठे गळतो ते घरबसल्या तपासा

बोर्ली पंचतन : घरात फायबर आलं, पैसे भरले, जाहिरातीत '१०० एमबीपीएसपर्यंत' असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं. पण रात्री जेवणं आटोपून मोबाईल हातात घेतला की व्हिडिओ गोल गोल फिरत राहतो. मुलाचा प्रवेशाचा फॉर्म मध्येच अडकतो. दिवेआगरला होमस्टे चालवणाऱ्याला पाहुणे विचारतात, "काका, वायफाय नीट चालत नाही का?" मग राग निघतो तो तार जोडून गेलेल्या पोरावर. नाहीतर कुणी सांगतं, "मोठा प्लॅन घ्या, सगळं ठीक होईल." आपण दोनशेचा प्लॅन घेतो आणि नेट तिथल्या तिथेच राहतं.

बोर्ली, दिवेआगर, दिघी या पट्ट्यात आता घरगुती नेट ही चैन राहिलेली नाही. सातबारा, ई-पीक पाहणी, परीक्षेचे अर्ज, होमस्टेचं बुकिंग, मुंबईच्या मुलाचं गावी बसून ऑफिसचं काम हे सगळं त्यावरच चालतं. त्यामुळे जास्त पैसे भरण्याआधी वेग नेमका कुठे गळतो हे शोधणं गरजेचं आहे. ते शोधायला इंजिनिअर लागत नाही, दोन-तीन दिवस आणि थोडा धीर लागतो.

आधी आकडा समजून घ्या

जाहिरातीतला शब्द आहे 'पर्यंत'. म्हणजे सगळं व्यवस्थित असेल तेव्हाची ती वरची हद्द आहे. चोवीस तास तेवढाच वेग मिळेल असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं.

दुसरी गल्लत मोजमापाची. कंपनी वेग सांगते मेगाबिटमध्ये आणि फाईल डाउनलोड होताना मोबाईल किंवा कॉम्प्युटर दाखवतो बहुतेक वेळा मेगाबाइटमध्ये. आठ बिट मिळून एक बाइट होतो. म्हणून १०० एमबीपीएसच्या लाईनवर डाउनलोडचा आकडा सेकंदाला साडेबारा मेगाबाइटच्या आसपास दिसला, तर वेग पूर्ण मिळतोय. इथे कुणी फसवलेलं नाही. १०० च्या लाईनवर एक जीबीची फाईल उतरायला साधारण दीड मिनिट लागतं.

तिसरी गोष्ट 'अनलिमिटेड' या शब्दाची. अनेक प्लॅनमध्ये महिन्याला ठराविक डेटा, बऱ्याच ठिकाणी ३३०० जीबी, वापरून झाला की वेग खाली आणला जातो. मर्यादा किती आणि ती संपल्यावर वेग किती राहील हे ग्राहकाला आधी सांगण्याचं बंधन ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, २०१६ मध्ये कंपन्यांवर घातलं आहे. साध्या घरात ३३०० जीबी सहसा संपत नाही. पण आठ खोल्यांचा होमस्टे असेल आणि प्लॅन छोट्या मर्यादेचा असेल, तर महिनाअखेरीस संपू शकतो.

पहिली गळती : आपल्याच घरात

तक्रारींचं मूळ पुष्कळदा घरातच सापडतं. आपली घरं चिऱ्याची, भिंती जाड. राऊटर बसवलेला असतो ओटीवर, कारण तार तिथून आत येते. माजघर ओलांडून स्वयंपाकघरात किंवा मागच्या पडवीत जाईपर्यंत दोन-तीन चिऱ्याच्या भिंती आडव्या येतात. लोखंडी कपाट, पत्रा, आरसा, फ्रीज हेही लहरी अडवतात. कित्येक घरांत राऊटर टीव्हीच्या मागे किंवा शोकेसच्या आत कोंबलेला असतो.

राऊटर दोन प्रकारच्या लहरी सोडतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी लांब जातात, भिंती बऱ्यापैकी पार करतात, पण वेग कमी देतात. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी वेग जास्त देतात, पण भिंतीपुढे लवकर दमतात. वायफायच्या यादीत नावापुढे '५जी' दिसतं ते हेच. मोबाईलच्या फाइव्ह जी टॉवरशी त्याचा काही संबंध नाही. स्वस्तातल्या राऊटरला फक्त २.४ चीच सोय असते. अशा राऊटरवर १०० चा प्लॅन असला तरी मोबाईलवर तीस-चाळीस दिसणं नेहमीचं आहे. तिथे दोनशेचा प्लॅन घेणं म्हणजे अर्ध्या इंचाच्या नळाला मोठी टाकी जोडण्यासारखं. टाकी वाढली तरी नळातून पाणी तेवढंच येणार.

दुसरी गळती : वाटणीत

गावच्या नळपाणी योजनेचंच उदाहरण घ्या. सकाळी सहाला सगळ्यांनी नळ सोडले की धार बारीक होते. दुपारी एकट्याने सोडला तर बादली झटक्यात भरते. पाईप तोच, टाकी तीच. नेटचंही तसंच आहे.

फायबरच्या प्रचलित पद्धतीत, जिला जीपॉन म्हणतात, एका मुख्य तारेतून सुमारे २४८८ एमबीपीएस इतका वेग खाली येतो. खांबावरच्या छोट्या डबीत ती तार ३२ किंवा ६४ घरांत वाटली जाते. ३२ घरांनी एकाच क्षणी पूर्ण वेग ओढला तर प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे ७८ येतात. ६४ घरं असतील तर जेमतेम ३९. प्रत्यक्षात सगळे एकाच क्षणी एवढं ओढत नाहीत, म्हणून दिवसा काम भागतं.

खरी चिंचोळी जागा बहुधा त्याच्या पुढे असते. गावातून तालुक्याला आणि तिथून मुंबईपर्यंत जाणारी लाईन ऑपरेटरने विकत किंवा भाड्याने घेतलेली असते. समजा एका ऑपरेटरकडे १०० चे ३०० ग्राहक आहेत. सगळ्यांना एकाच वेळी पूर्ण वेग द्यायचा तर ३०,००० एमबीपीएसची लाईन लागेल. एवढी लाईन कुणीच घेत नाही, कारण तिचा खर्च बिलात धरला तर महिन्याचं बिल कुणाला परवडणार नाही. वाटून वापरणं ही लबाडी नाही, नेट स्वस्त होण्याचं कारणच ते आहे. ट्रायनेही २००९ मध्ये घरगुती ग्राहकांसाठी एकास पन्नास आणि व्यावसायिकांसाठी एकास तीस अशी वाटणीची मर्यादा सांगितली होती.

लबाडी सुरू होते ती ग्राहक वाढवत न्यायचे आणि मागची लाईन मात्र वाढवायची नाही, तेव्हा. ट्रायच्या २००६ च्या नियमांत यासाठी दोन मापं होती. गर्दीच्या वेळीही लाईनचा वापर ८० टक्क्यांच्या आत राहिला पाहिजे. आणि कंपनीच्या केंद्रापासून ग्राहकाच्या घरापर्यंत, ठरलेल्या वेगाच्या ८० टक्क्यांहून जास्त वेग मिळाला पाहिजे. इथे 'कंपनीच्या केंद्रापासून' हे शब्द नीट वाचा. त्यापुढच्या जगाची हमी या मापात नव्हती. १ ऑक्टोबर २०२४ पासून मोबाईल, लँडलाईन आणि ब्रॉडबँड यांच्यासाठी सेवेच्या दर्जाचे नवे एकत्रित नियम लागू झाले आहेत.

आपल्याकडे या वाटणीचा हिशेब सणाला कळतो. गणपतीत आणि शिमग्याला चाकरमानी गावी येतात. ज्या घरात एरवी दोन मोबाईल, तिथे दहा होतात. शनिवार-रविवारी दिवेआगरला पर्यटक भरतात. वर्षभर बरी चाललेली लाईन त्या चार दिवसांत बसते ती यामुळेच.

तिसरी गळती : खांबावर

फायबर म्हणजे काचेचा केसासारखा धागा. त्यातून प्रकाश जातो. तार जास्त वाकली, सांधा नीट बसला नाही, खारीने कुरतडली किंवा वर माडाची झावळी पडली की प्रकाश कमी पोहोचतो. मग नेट अडखळतं, तुटतं, परत येतं. घरातल्या डबीवर 'एलओएस' नावाचा लाल दिवा लागला तर प्रकाशच पोहोचत नाही असं समजावं. अशा वेळी राऊटर दहादा बंद-चालू करून उपयोग नाही, थेट तक्रार करावी.

किनाऱ्यावर हा प्रश्न जास्त. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात श्रीवर्धन तालुक्यात विजेचे खांब आणि माड-पोफळी आडव्या झाल्या, तेव्हा तारांचं काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. दर पावसाळ्यात तेच लहान प्रमाणात होतं. वीज गेली की आपल्याकडे इन्व्हर्टर असला तरी ऑपरेटरच्या केंद्रावरची बॅटरी उतरली की नेट जातंच.

चौथी गळती : पलीकडच्या टोकाला

कधी आपली लाईन ठणठणीत असते, पण समोरचं संकेतस्थळच दमलेलं असतं. अर्जाच्या शेवटच्या तारखेला लाखो लोक एकाच ठिकाणी धडकतात. तेव्हा इथे १०० असले काय नि ५०० असले काय, पान उघडत नाही. एकच संकेतस्थळ रखडत असेल आणि बाकी सगळं व्यवस्थित चालत असेल, तर दोष लाईनचा नाही. पहाटे किंवा रात्री उशिरा पुन्हा प्रयत्न करावा. आणि शेवटच्या तारखेची वाट पाहू नये हे उत्तम.

घरी तपासणी कशी करायची

१. मोबाईलचा डेटा बंद करा. तो चालू राहिला तर मोजमाप सिमकार्डचं होतं, वायफायचं नाही.

२. घरातले बाकीचे मोबाईल, टीव्ही, कॅमेरे नेटवरून काढा.

३. लॅपटॉप असेल तर राऊटरला वायरने जोडून वेग मोजा. नसेल तर राऊटरपासून दोन-तीन हातांवर उभं राहून ५ गिगाहर्ट्झच्या वायफायवर मोजा. ट्रायचं 'मायस्पीड' किंवा कुठलंही प्रचलित स्पीड टेस्ट ॲप चालेल.

४. सकाळी सहा, दुपारी दोन आणि रात्री नऊ असं तीन दिवस मोजा. प्रत्येक वेळी स्क्रीनशॉट काढून ठेवा.

५. शेवटी नेहमी बसता त्या खोलीत जाऊन मोजा.

आता आकडे शेजारी शेजारी ठेवा. राऊटरजवळ पूर्ण आणि खोलीत कमी असेल तर गळती घरात आहे. राऊटर घराच्या मध्यावर, उंचावर, मोकळ्या जागी न्या. मोठं घर किंवा होमस्टे असेल तर वायर ओढून मागच्या बाजूला दुसरं वायफाय यंत्र बसवा. हा एकदाचा खर्च आहे, मोठ्या प्लॅनचा दर महिन्याचा.

सकाळी पूर्ण आणि रात्री रोज निम्म्याखाली येत असेल तर गळती वाटणीत आहे. तिन्ही वेळा कमीच असेल तर तार, जोडणी, डेटा मर्यादा किंवा कंपनीने चुकीचा प्लॅन चढवला आहे का ते विचारा. आकडा कायम नव्वद-पंच्याण्णवलाच अडकत असेल आणि प्लॅन दोनशेचा असेल, तर राऊटरचं वायरचं तोंडच १०० चं आहे का ते पाहा. तसं असेल तर वरचे पैसे दर महिन्याला फुकट जातात.

एक हिशेबही लक्षात ठेवा. मोठ्या टीव्हीवर स्वच्छ चित्र दिसायला साधारण ५ एमबीपीएस पुरतात, व्हिडिओ कॉलला त्याहून कमी. चार माणसांच्या घरात ३०-४० एमबीपीएस न तुटता मिळाले तर काम अडत नाही. अडतं ते नेट अडखळतं तेव्हा.

तक्रार तोंडी नको, नंबर घ्या

गावात आपण केबलवाल्याला फोन करतो, तो "बघतो" म्हणतो आणि विषय संपतो. त्याची कुठेच नोंद राहत नाही. तक्रार कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर किंवा ॲपवर करा आणि तक्रार क्रमांक लिहून ठेवा. त्यासाठी आपली लाईन कुठल्या परवानाधारक कंपनीची आहे हे माहीत हवं. दर महिन्याची पावती मागा. रोख पैसे देऊन पावती न घेणाऱ्याच्या हातात भांडायला कागदच राहत नाही.

समाधान झालं नाही तर तीस दिवसांच्या आत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येतं. त्याला शुल्क नाही आणि ३९ दिवसांत निकाल देणं बंधनकारक आहे. बिघाड तीन दिवसांत दुरुस्त झाला नाही तर ग्राहकाला भरपाई देण्याची तरतूद २०२४ च्या नियमांत आहे, ती मागून घ्या. ट्राय एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाही, त्यामुळे तिथे अर्ज पाठवून वाट बघत बसू नका.

त्यापुढे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे आणि अलिबागला जिल्हा ग्राहक आयोग आहे. दूरसंचार कंपनीविरुद्ध ग्राहक आयोगात दाद मागता येते, असं सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराच्या तक्रारीला आयोगात शुल्क लागत नाही.

एकाच खांबावरच्या दहा घरांनी एकाच आठवड्यात रात्री नऊचे स्क्रीनशॉट काढून दहा वेगळे तक्रार क्रमांक घेतले, तर "तुमच्या घरातच प्रॉब्लेम आहे" असं सांगून कंपनीला सुटता येत नाही. गणपतीला घर भरण्याआधी ही तपासणी करून घेतलेली बरी.