‘क्लाउड’मधला रिपोर्ट नेमका कुठे असतो?

गिरणेच्या काठावरच्या भडगावने सप्टेंबर १८७२मध्ये मोठा पूर पाहिला. गावाचा बराच भाग त्या पुरात गेला, शेकडो घरे वाहून गेली. घराबरोबर काय काय जाते, हे नदीकाठच्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. धान्य जाते, भांडीकुंडी जातात आणि पेटीतली कागदपत्रेही जातात. त्या काळी कागद एकच असे आणि तो एकाच पेटीत असे.

आज भडगावसारख्या तालुक्याच्या गावी सकाळी रक्त दिले, की संध्याकाळपर्यंत रिपोर्ट मोबाइलवर येतो. मधुमेहाच्या रुग्णाची तीन-चार वर्षांची साखर, गरोदर महिलेची सोनोग्राफी, डायलिसिसच्या रुग्णाचे क्रिएटिनिन, असे सगळे संगणकात साठते. ‘कागद हरवला तरी काळजी नको, सगळे क्लाउडवर आहे,’ असे काउंटरवर सांगितले जाते. रुग्णही निर्धास्त होतो. पण क्लाउड म्हणजे आभाळातला ढग नव्हे. ती कुठल्या तरी शहरातली, भिंती आणि छप्पर असलेली इमारत असते. तिला वीज लागते, गारवा लागतो, आणि तिलाही पूर, आग व उष्मा चुकत नाही. मग आपला रिपोर्ट कोणत्या इमारतीत आहे आणि तिला काही झाले तर दुसरी प्रत कुठे आहे, हा प्रश्न उरतोच. त्याच्या उत्तराची सुरुवात संगणकाला चार ओळींची आज्ञा देऊनही करता येते.

रीजन आणि झोन

क्लाउड कंपन्या आपल्या इमारतींची विभागणी दोन पातळ्यांवर करतात. पहिली पातळी ‘रीजन’ची, म्हणजे एखादे शहर आणि त्याचा परिसर. दुसरी ‘झोन’ची, म्हणजे त्या परिसरातली एक किंवा अनेक डेटा सेंटर. प्रत्येक झोनची वीज, थंडाव्याची यंत्रणा आणि नेटवर्क शक्यतो स्वतंत्र असते. ॲमेझॉनच्या एका रीजनमधले झोन एकमेकांपासून काही किलोमीटर दूर, पण १०० किलोमीटरच्या आत असतात. एका झोनला आग लागली तर दुसरा वाचावा इतके ते लांब असतात. दोन्हीकडे एकाच वेळी माहिती लिहिता यावी इतके ते जवळही असतात.

शेतकऱ्याला ही रचना नवी नाही. कडब्याच्या दोन गंज्या एकमेकींना चिकटून रचत नाहीत. एकीला आग लागली तर दुसरी वाचावी म्हणून मध्ये अंतर ठेवतात. हे झाले झोन. पण सगळ्या शिवारातच पुराचे पाणी शिरले तर दोन्ही गंज्या जातात. म्हणून थोडे बियाणे दुसऱ्या गावच्या नातेवाइकाच्या कणगीत ठेवले, तर ते झाले दुसरे रीजन.

भारतात मायक्रोसॉफ्टने २०१५मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नई येथे रीजन सुरू केले. ॲमेझॉनचे मुंबई रीजन २०१६मध्ये दोन झोनसह सुरू झाले, तिसरा झोन २०१९मध्ये आला. कंपनीचे दुसरे रीजन नोव्हेंबर २०२२मध्ये हैदराबादला उघडले. गुगलचे मुंबई रीजन २०१७चे, तर दिल्लीचे २०२१चे. सरकारी कामकाजासाठी राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, म्हणजे एनआयसीची, दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर अशा ठिकाणी राष्ट्रीय डेटा सेंटर आहेत.

खान्देशातून पाहिले तर मुंबई आणि पुणे ही सर्वांत जवळची ठिकाणे. भडगाव ते मुंबई अंतर साधारण साडेतीनशे किलोमीटर. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर धावतो. त्यामुळे जाऊन-येऊन चार मिलिसेकंदही लागू नयेत. केबलची वळणे आणि वाटेतली यंत्रे यांमुळे प्रत्यक्षात थोडा जास्त वेळ जातो, पण माणसाला तो जाणवत नाही. हीच माहिती अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर ठेवली तर नुसत्या प्रवासालाच सव्वाशे मिलिसेकंदांहून अधिक वेळ लागतो. शिवाय भारतीय रुग्णाची माहिती दुसऱ्या देशाच्या कायद्याखाली जाते, तो मुद्दा वेगळाच.

यादी मागवायची कशी?

ही ठिकाणे कंपनीच्या जाहिरातीत वाचता येतात. मग कोड कशाला? कारण यादी बदलत राहते. नवे रीजन येतात, नवे झोन जोडले जातात, प्रत्येक प्रकारचे यंत्र प्रत्येक झोनमध्ये मिळतेच असे नाही. प्रोग्राममध्ये नावे हाताने लिहून ठेवली तर ती वर्षभरात जुनी होतात. म्हणून प्रोग्रामने दर वेळी कंपनीच्या यंत्रणेलाच विचारायचे, ‘आज तुमच्याकडे कोणकोणती ठिकाणे आहेत?’

पायथॉन शिकणाऱ्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यालाही हे साध्या लॅपटॉपवर जमते. आधी कंपनीकडे खाते उघडायचे आणि गुप्त किल्ली घ्यायची. ही किल्ली फक्त यादी वाचण्यापुरत्या अधिकाराची असावी आणि ती कोडमध्ये कधीच लिहून ठेवू नये. ती हाती लागली तर कुणीही आपल्या नावावर यंत्रे भाड्याने घेऊ शकतो. मग ॲमेझॉनसाठी ‘डिस्क्राइब रीजन्स’ आणि ‘डिस्क्राइब अव्हेलेबिलिटी झोन्स’ या आज्ञा द्यायच्या. गुगलकडे यासाठी ‘रीजन्स लिस्ट’ आणि ‘झोन्स लिस्ट’ आहेत. अनेक कंपन्यांशी एकाच पद्धतीने बोलायचे असेल तर ‘अपाची लिबक्लाउड’ हे मोफत साधन आहे. त्यात ‘लिस्ट लोकेशन्स’ ही एकच आज्ञा पुरते. काही क्षणांत पडद्यावर नावे उमटतात. गुगलच्या यादीत मुंबईसाठी ‘एशिया-साउथ१’ आणि त्याखाली ए, बी, सी असे तीन झोन दिसतात. प्रत्येकापुढे तो सुरू आहे की बंद, हेही लिहिलेले असते.

इमारतीचा पत्ता मात्र मिळत नाही. सुरक्षेसाठी तो गुप्त ठेवतात.

यादी वाचताना

यादी मिळवणे सोपे, ती नीट वाचणे अवघड. पहिली अडचण अशी, की ती सगळ्यांची यादी नसून आपल्या खात्याची यादी असते. ॲमेझॉनने मार्च २०१९नंतर सुरू केलेली रीजन खात्यात आपोआप चालू नसतात, ती मागून घ्यावी लागतात. त्यामुळे साधी आज्ञा दिली तर मुंबई दिसते आणि हैदराबाद दिसत नाही. ‘सगळी रीजन दाखव’ असे स्पष्ट सांगितले तरच ते यादीत येते. ‘भारतात एकच जागा आहे, दुसरी प्रत ठेवणार कुठे?’ असा गैरसमज इथूनच होऊ शकतो.

दुसरी अडचण नावांची. ॲमेझॉनच्या जुन्या रीजनमध्ये एका ग्राहकाचा ‘ए’ झोन आणि दुसऱ्या ग्राहकाचा ‘ए’ झोन एकच असेल असे नाही. यादीत पहिले दिसते ते बहुतेक जण निवडतात. सगळ्यांनीच ‘ए’ निवडला तर त्या झोनवर गर्दी होईल, म्हणून कंपनीने खात्यागणिक अक्षरे अदलाबदल करून ठेवली. समजा प्रयोगशाळेने मूळ माहिती ‘ए’मध्ये ठेवली आणि सॉफ्टवेअरवाल्याने स्वतःच्या खात्यात ‘बी’मध्ये प्रत ठेवली. कागदावर दोन झोन दिसतील, पण प्रत्यक्षात दोन्ही प्रती एकाच ठिकाणी असू शकतात. खरी ओळख पटते ती त्याच यादीतल्या ‘झोन आयडी’ या रकान्यावरून. तो सगळ्यांसाठी सारखाच असतो.

नावे वेगळी आणि जागा एक, याची किंमत युरोपात अनेकांनी मोजली आहे. फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच या कंपनीच्या चार डेटा सेंटरना चार वेगळे क्रमांक होते, पण ती एकाच आवारात होती. १० मार्च २०२१च्या पहाटे लागलेल्या आगीत त्यांतले पाच मजली डेटा सेंटर जळून गेले, दुसऱ्याचा काही भाग जळाला आणि उरलेली दोन्ही बंद करावी लागली. ज्यांची प्रत दुसऱ्या शहरात नव्हती, अशा अनेक ग्राहकांची माहिती कायमची गेली.

उष्म्याचा धडा

आरोग्यसेवेसाठी सर्वांत बोलके उदाहरण लंडनचे आहे. १९ जुलै २०२२ रोजी ब्रिटनमध्ये इतिहासात पहिल्यांदा तापमान ४० अंशांच्या वर गेले. गाईज आणि सेंट थॉमस या जोड रुग्णालयांची दोन डेटा सेंटर होती. दोन्हींची थंडावा यंत्रणा एकाच दिवशी कोलमडली. डॉक्टरांना रुग्णांच्या नोंदी, तपासण्यांचे निकाल दिसेनासे झाले, कागद-पेनावर काम करावे लागले, आणि सगळे पूर्ववत व्हायला काही आठवडे गेले. जागा दोन होत्या, पण दोन्हींवर ऊन एकच होते.

त्याच दिवशी लंडनमध्ये गुगलच्याही एका इमारतीतली थंडावा यंत्रणा बिघडली. तिथे मुख्यतः एका झोनला फटका बसला. ज्यांनी आपले काम दोन-तीन झोनमध्ये वाटले होते, त्यांना झळ बरीच कमी लागली.

पंचेचाळीस अंशांची सवय असलेल्या जळगाव जिल्ह्याला ४० अंशांचे कौतुक वाटणार नाही. पण रुग्णालयाच्या जिन्याखालच्या खोलीत, एका एसीच्या भरवशावर ठेवलेला सर्व्हर हाही डेटा सेंटरच असतो. त्याचीच दुसरी प्रत वरच्या मजल्यावर ठेवली तर ती दुसरी जागा ठरत नाही.

मुंबईलाही संकटे नवी नाहीत. २६ जुलै २००५ला सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. १२ ऑक्टोबर २०२०ला वीजवाहिन्यांतल्या बिघाडामुळे महानगराचा मोठा भाग काही तास अंधारात गेला. डेटा सेंटरकडे जनरेटर असतात आणि अशा दिवसांसाठीच ती बांधलेली असतात. तरीही सगळ्या शहरावर येणाऱ्या संकटात त्याच शहरातले तीन झोन एकत्र सापडू शकतात. म्हणूनच सहाशे किलोमीटरहून दूर असलेल्या हैदराबादची किंवा हजाराहून दूर असलेल्या दिल्लीची प्रत उपयोगी पडते.

विचारायचे काय?

दुसरी प्रत आपोआप तयार होते, हा आणखी एक समज. फायली ठेवण्याच्या काही सेवांमध्ये ती होते. ॲमेझॉनच्या ‘एस-थ्री’ या नेहमीच्या साठवणीत माहिती एकाच रीजनच्या किमान तीन झोनमध्ये जाते. पण भाड्याने घेतलेल्या संगणकाला जोडलेली साधी डिस्क एकाच झोनमध्ये असते. छोट्या प्रयोगशाळेचे सॉफ्टवेअर अशा एकाच संगणकावर चालत असेल, तर ‘क्लाउडवर आहे’ या वाक्याचा अर्थ ‘एकाच पेटीत आहे’ एवढाच होतो.

म्हणून डॉक्टर आणि प्रयोगशाळाचालकांनी सॉफ्टवेअरवाल्याला चार गोष्टी विचाराव्यात. आमची माहिती कोणत्या रीजनमध्ये आणि कोणत्या झोन आयडीवर आहे? दुसरी प्रत दुसऱ्या शहरात आहे का? चुकून पुसलेली नोंद परत मिळेल अशी जुनी प्रत ठेवली आहे का? कारण जोडून चालणाऱ्या प्रतीत पुसलेले तिथेही लगेच पुसले जाते. आणि शेवटचे, ती प्रत उघडून पाहण्याचा सराव मागे कधी केला होता? दुसऱ्या रीजनचे भाडे द्यावे लागते, माहिती पाठवण्याचेही पैसे पडतात. पण एका तालुक्याच्या प्रयोगशाळेचे रिपोर्ट म्हणजे बहुतांशी मजकूर आणि आकडे. त्यांना जागा थोडीच लागते. सोनोग्राफी आणि एक्स-रेच्या प्रतिमांना मात्र जास्त खर्च येतो, त्याचा हिशेब आधीच करावा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर सॉफ्टवेअरवाल्याला त्याच दिवशी, यादी मागवून देता येते. ते देता आले नाही, तर रुग्णाने रिपोर्टचा कागद अजून जपून ठेवावा. शक्य तर गिरणेच्या पाण्यापासून उंचावर.