मधुमेहाचे उपचार आणि धूसर अक्षरे

पासबुकातील नोंदी कालपर्यंत सहज वाचणाऱ्या एखाद्या गृहस्थांना अचानक त्याच नोंदी धूसर दिसू लागतात. आठ-दहा दिवसांपूर्वीच मधुमेहाचे निदान होऊन औषधोपचार सुरू झालेले असतात. ‘गोळ्यांनी डोळे बिघडवले’ असा समज करून घेऊन ते गोळ्या बंद करतात, किंवा घाईघाईने नवा चष्मा करायला टाकतात. दुसऱ्या निर्णयात पैसे वाया जातात. पहिल्यात आरोग्य धोक्यात येते.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यामुळे हा अनुभव कोणाच्याही घरी येऊ शकतो.

याचे मूळ डोळ्यातील नैसर्गिक भिंगात आहे. रक्तातील साखर दीर्घकाळ वाढलेली असली की ती भिंगातही शिरते आणि तिच्यापासून तयार होणारा सॉर्बिटॉल हा पदार्थ तेथे साठून राहतो. उपचारांनी रक्तातील साखर झपाट्याने उतरते. भिंगातील साठा मात्र सावकाश कमी होतो. या तफावतीमुळे भिंगात पाणी ओढले जाते आणि प्रकाशकिरण वळविण्याची त्याची क्षमता बदलते. बहुधा चष्म्याचा नंबर ‘अधिक’च्या बाजूला सरकतो व जवळचे अक्षर अस्पष्ट होते. साखर जितकी जास्त असते आणि जितक्या वेगाने उतरते, तितका हा बदल ठळक असतो. ही गोष्ट नवी नाही; ब्रिटिश नेत्रतज्ज्ञ ड्यूक-एल्डर यांनी १९२५ सालीच मधुमेहातील अशा बदलांचे वर्णन केले होते.

हा बदल सामान्यतः पहिल्या एक-दोन आठवड्यांत सर्वाधिक जाणवतो आणि काही आठवड्यांत आपोआप ओसरतो. क्वचित दोन-तीन महिनेही लागतात. म्हणून औषध स्वतःहून बंद करू नये; डॉक्टरांना त्रास सांगावा. साखर स्थिरावल्यावरच चष्म्याचा कायमचा नंबर काढावा. तोवर वाचनापुरती साधी तयार चाळशी पुरते. दृष्टी स्पष्ट होईपर्यंत वाहन चालविणे टाळावे आणि औषधाची मात्रा, धनादेशावरील रक्कम दुसऱ्याकडून वाचून घ्यावी.

तथापि, प्रत्येक धूसरपणा निरुपद्रवी नसतो. मधुमेह दृष्टिपटलालाही इजा करतो आणि सुरुवातीला त्याची जाणीवही होत नाही. शिवाय साखर वेगाने आटोक्यात आल्यावर काही रुग्णांत आधीचा दृष्टिपटलाचा विकार काही काळ बळावतो, असे अमेरिका व कॅनडातील १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत आढळले. त्याच चाचणीत दीर्घकाळात मात्र साखरेच्या काटेकोर नियंत्रणाने डोळ्यांचे रक्षणच झाले. म्हणून प्रौढ वयात सामान्यतः आढळणाऱ्या दुसऱ्या प्रकारच्या मधुमेहात निदान होताच, आणि पुढे डॉक्टरांच्या सल्ल्याने नियमितपणे, बाहुली मोठी करून दृष्टिपटलाची तपासणी करून घ्यावी. डोळ्यांपुढे अचानक काळे ठिपके वा पडदा येणे, एकाच डोळ्याची दृष्टी जाणे किंवा तीव्र वेदना होणे, यांपैकी काही झाल्यास त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे. घाम व थरथर यांसह अंधारी आल्यास साखर फार उतरली असण्याची शक्यता असते. अशा वेळी त्वरित साखर खावी.

पासबुकातील अक्षरे काही आठवड्यांनी पुन्हा स्पष्ट होतील. तोपर्यंत गोळ्यांचा नेम मात्र चुकता कामा नये.