मुळा की मोगरा?

मागच्या दोन व्याख्यानांत आपण साधनमूल्य आणि साध्यमूल्य यांतला फरक पाहिला. त्यावर श्रोत्यांनी पुष्कळ प्रश्न पाठवले, पण एक प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत परत परत आला. घरापुढं जागा थोडी आहे, पाणी त्याहून थोडं आहे, तर भाजी लावावी की फुलझाड? प्रश्न साधा दिसतो, पण मूल्यांची सगळी चर्चा त्यात येऊन बसते. म्हणून आज आम्ही दोनच झाडं घेणार आहोत, मुळा आणि मोगरा. दोन्ही आपल्या उदगीरच्या काळ्या मातीत येतात आणि दोन्ही प्रत्येकाच्या ओळखीची आहेत.

आधी मुळा. हा मोहरीच्या कुळातला. कोबी आणि फ्लॉवर हे त्याचे भाऊबंद. दसरा ते दिवाळीच्या दरम्यान बी टाकलं की चाळीस-पन्नास दिवसांत मुळा काढायला येतो. येळवसाच्या भज्जीत त्या मोसमातला सगळा भाजीपाला पडतो, तेव्हा अंगणातला मुळाही तयार असतो. पाल्याची भाजी होते, मुळ्याची कोशिंबीर किंवा चटका होतो, आणि काही नाही केलं तरी भाकरीसोबत कच्चा चालतो.

आता आपली जमीन. बालाघाटाच्या पठारावरची ही बेसाल्ट खडकापासून झालेली माती चिकट आहे. ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. अशा मातीत सपाट वाफ्यावर मुळा लावला तर मूळ सरळ खाली जात नाही, वाकतं किंवा त्याला फाटे फुटतात. म्हणून मुळा वरंब्यावर लावायचा, मातीत कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळायची. ताजं शेण घालू नका, त्यानंही मूळ फाटतं. रोपं बोटभर झाली की विरळणी करायची, दोन रोपांत चार बोटं अंतर ठेवायचं. काढलेली रोपं फेकायची नाहीत, त्यांची भाजी होते. आणि मुळा वेळेवर उपटायचा. आठ-दहा दिवस उशीर झाला की तो जून होतो, आतून पोकळ आणि जाळीदार होतो.

आता मोगरा. जाई, जुई, कुंदा ही त्याची सख्खी भावंडं, आणि पारिजातकही त्याच कुळातला. मोगरा बियांपासून लावत नाहीत. आपल्याकडच्या मोगऱ्याला बी जवळजवळ धरतच नाही. फांदी वाकवून मातीत दाबायची, मुळं फुटली की तोडून वेगळी लावायची. याला दाब कलम म्हणतात. पावसाळ्यात दीड-दोन फुटांचा खड्डा करून ते लावलं की पुढच्या उन्हाळ्यात थोडी फुलं दिसतात आणि दोन-तीन वर्षांत झाड भरात येतं. नीट राखलं तर दहा-पंधरा वर्षं फुलतं.

आपल्या मातीत मोगऱ्याच्या दोन अडचणी. पहिली, मुळाशी पाणी साचलेलं त्याला चालत नाही, म्हणून बुंध्याशी मातीचा थोडा उंचवटा ठेवायचा. दुसरी, चुनखडीच्या जमिनीत त्याला लोह मिळत नाही. पानं पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. लोक समजतात पाणी कमी पडलं, आणि आणखी पाणी ओततात. खरं तर तिथं हिराकस लागतं, अगदी थोडं, आणि भरपूर शेणखत. ऊन मात्र दिवसाचं निदान पाच-सहा तास हवंच. सावलीत पानं वाढतात, कळ्या येत नाहीत.

इथवर शेतीशाळा झाली. आता तुलनेकडं येऊ.

पहिला मुद्दा काळाचा. मुळ्याचा हिशेब दिवसांचा आहे, मोगऱ्याचा वर्षांचा. भाड्याच्या घरात राहणारा माणूस मुळा लावू शकतो, कारण त्याचं फळ हातात घेऊनच तो घर सोडेल. मोगरा लावणाऱ्यानं असं गृहीत धरलेलं असतं की पुढच्या उन्हाळ्यात आपण किंवा आपलं कुणीतरी इथं असणार. लावणं हीच एक भविष्याविषयीची श्रद्धा आहे.

दुसरा मुद्दा उपयोगाचा. आपण पटकन म्हणतो, मुळा पोटासाठी, मोगरा मनासाठी. कान्टनं 1790 साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या तिसऱ्या मीमांसेत फुलांनाच मुक्त सौंदर्याचं उदाहरण केलं. त्याचं म्हणणं असं, की फूल हा वनस्पतीचा प्रजननाचा अवयव आहे हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असतं, पण फूल सुंदर आहे असं म्हणताना तोही हा हेतू बाजूला ठेवतो. आपल्या मराठीत रा. भा. पाटणकरांनी 'सौंदर्यमीमांसा' या ग्रंथात सौंदर्याच्या संकल्पनेला दोन ध्रुव आहेत असं मांडलं, लौकिकतावादी आणि अलौकिकतावादी. आम्हाला वाटतं, अंगणात हे दोन्ही ध्रुव एकमेकांत मिसळलेले असतात. एक मुळा उपटायचा राहू द्या. त्याला उंच दांडा येतो, पांढरी-जांभळट फुलं येतात, मधमाश्या येतात, मग शेंगा धरतात. त्याच डिंगऱ्या, त्यांची भाजी आपण खातो. म्हणजे मुळा हेही फुलझाडच आहे. फुलण्यासाठी त्यानं मुळात साठवलेलं अन्न आपण आधीच काढून घेतो, एवढंच. आणि मोगरा निरुपयोगी म्हणावा, तर वसई-विरारकडच्या मोगऱ्यावर आणि मदुराईच्या मल्लीवर कितीतरी घरं चालतात. मदुराई मल्लीला 2013 साली भौगोलिक मानांकनही मिळालं.

तिसरा मुद्दा हिंसेचा. आपल्या गावातली जैन मंडळी कंदमुळं टाळतात. त्यामागचा विचार नीट समजून घेतला पाहिजे. मूळ उपटलं की अख्खं झाड संपतं, मातीतले जीव मरतात, आणि जैन मतानं अशा कंदात एका शरीरात अनंत जीव असतात. मोगऱ्याची कळी तोडली तर झाड राहतं. उलट, छाटणी केली तर ते जोमानं फुलतं. या कसोटीवर मोगरा वरचढ ठरतो. पण दुसऱ्या बाजूला अरणचे सावता माळी आहेत. तेराव्या शतकातला हा संत मळ्यात राबला आणि त्या मळ्यातच त्याला विठ्ठल दिसला. भाजीची खुरपणी आणि पूजा या त्याच्या लेखी दोन गोष्टी नव्हत्या. दोन्ही दृष्टी आपल्याच मातीतल्या आहेत. त्यातली कोणती घ्यायची हे ज्यानं त्यानं ठरवावं, पण दुसरी खोटी आहे म्हणून नव्हे.

चौथा मुद्दा आपण सहसा बोलत नाही. मुळा घरात सगळ्यांच्या ताटात पडतो. मोगऱ्याचा गजरा मात्र घरातल्या सगळ्या बायकांना मिळत नव्हता. नवरा गेला की फूल गेलं. झाड तिनं लावलेलं, पाणी तिनं घातलेलं, कळ्या तिनं वेचलेल्या, आणि माळायच्या दुसरीनं. मे 2022 मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनानं इतर ग्रामपंचायतींनीही तसं करावं असं परिपत्रक काढलं. ठराव कागदावर राहतो की घरात येतो, हे अंगणात कळतं. मोगरा लावणार असाल तर हे आधी ठरवा: ज्या हातांनी कळ्या वेचल्या, त्यांना ओंजळभर कळ्या आपल्या केसांत माळता येतील का? उत्तर नाही असेल, तर त्या घरात मुळाच अधिक न्यायी आहे असं आम्ही म्हणू.

शेवटचा मुद्दा पाण्याचा, आणि आपल्याकडं तोच निर्णायक. 12 एप्रिल 2016 ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली. दहा वाघिणींत सुमारे पाच लाख लिटर पाणी होतं. तो महिना आठवा. मोगऱ्याच्या भर बहराचा तोच महिना असतो. मुळ्याला पाणी लागतं कार्तिक ते पौष, म्हणजे विहिरीला पाणी असतं तेव्हा. मोगऱ्याला लागतं फाल्गुन ते ज्येष्ठ, म्हणजे नसतं तेव्हा. यावरून मुळ्याच्या बाजूनं निकाल द्यावासा वाटतो.

पण थांबा. मुळ्याला आठ दिवस पाणी मिळालं नाही तर तो तिखट आणि निबर होतो, त्याचा मोसम तिथंच गेला. जुन्या मोगऱ्याला पाणी कमी पडलं तर तो फुलत नाही, पानंही गाळतो, पण सहसा मरत नाही. पाऊस पडला की पुन्हा फुटतो. तेव्हा टँकरच्या वर्षी मोगऱ्याकडून फुलांची अपेक्षा ठेवू नये. भाजी आणि डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी बुंध्याशी टाकावं, वर पाचोळ्याचं आच्छादन घालावं, बस. साबणाचं पाणी नको, आपली माती आधीच खारट आहे. पिण्याच्या पाण्यातली कळशी फुलासाठी ओतणं त्या वर्षी योग्य नाही. आणि फुललं नाही म्हणून झाड उपटून टाकणंही योग्य नाही.

मग काय लावावं? भाड्याचं घर असेल, वर्षभराचीच खात्री असेल, तर मुळा. घर आपलं असेल आणि धुण्या-सवरण्याचं स्वच्छ पाणी रोज एक बादली निघत असेल, तर एका कोपऱ्यात मोगरा आणि उरलेल्या जागेत हिवाळ्यात मुळा. दोघांत तीन फूट अंतर मात्र ठेवा, कारण मार्गशीर्ष-पौषात मोगऱ्याचं पाणी तोडून त्याला ताण द्यायचा असतो, मग छाटणी करायची असते, आणि त्याच वेळी शेजारच्या मुळ्याला तुम्ही पाणी देत असता. ते पाणी मोगऱ्याच्या मुळाशी गेलं तर त्याची विश्रांती मोडते आणि बहर कमी येतो. एकाची भूक आणि दुसऱ्याची झोप एकाच वेळी सांभाळायची आहे. एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

पुढच्या वेळी आपण कर्तव्य आणि परिणाम यांच्याकडं वळू. तोवर मोगऱ्याची छाटणी झाली का, ते बघा.