एकाच वेळी अनेक ॲप : आत काय घडते?

● पाळीपाळीने काम : ऑपरेटिंग सिस्टीम प्रोसेसरचा वेळ काही मिलिसेकंदांच्या तुकड्यांत वाटते. अदलाबदल इतकी झटपट होते, की गाणे आणि टायपिंग सोबतच चालल्यासारखे वाटते.

● १९८५ : कमोडोर अमिगा या घरगुती संगणकात कोणाची पाळी कधी संपवायची हे सिस्टीमच ठरवत असे.

● १९९२ ते १९९५ : विंडोज ३.१ मध्ये प्रोग्रॅमने आपणहून पाळी सोडावी लागे. एक अडकला की सगळेच खोळंबत. विंडोज ९५ ने ३२ बिट प्रोग्रॅमकडून पाळी काढून घेण्याचा अधिकार सिस्टीमला दिला.

● रॅम भरली की : बराच वेळ न वापरलेला मजकूर सिस्टीम डिस्कवर हलवते. डिस्क रॅमपेक्षा कितीतरी संथ असते. म्हणूनच सकाळपासून उघडी ठेवलेली एक्सेल शीट दुपारी पुन्हा समोर आणताना संगणक अडखळतो.

● हे करून पाहा : विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजरमधील ‘मेमरी’ या रकान्याच्या शीर्षकावर क्लिक केले, की सर्वाधिक रॅम खाणारे ॲप वर येते. आधी फाइल सेव्ह करा, मगच नको असलेले ॲप बंद करा.